उरलेला आकडा आणि न दिसलेला ग्रह

वैज्ञानिक शोधांची जी वार्ता सामान्य वाचकापर्यंत पोहोचते, तीत शोध लागल्याचा दिवस असतो, शोधकर्त्याचे नाव असते आणि बहुधा एखादे रंगीत काल्पनिक चित्रही असते; परंतु त्या शोधानंतर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे त्याच वस्तूची पुनःपुन्हा मोजणी करीत बसणाऱ्या आणि एखाद्या आकड्यातील पुढच्या दशांशस्थळासाठी रात्रीच्या रात्री खर्ची घालणाऱ्या मंडळींची दखल त्या वार्तेत क्वचितच घेतली जाते. शोध म्हणजे पराक्रम आणि मापन म्हणजे कारकुनी, अशी एक अलिखित उच्चनीचता विज्ञानाविषयीच्या आपल्या कल्पनांत रूढ होऊन बसली आहे. ती अन्यायाची तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे ती वस्तुस्थितीला धरून नाही. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या अभ्यासात तरी, कोणता ग्रह खरा आणि कोणता केवळ आकड्यांच्या गर्दीत दिसलेला भास, याचा निवाडा ज्या न्यायासनापुढे होतो ते न्यायासन सूक्ष्म मापनाचेच आहे. आणि पुष्कळदा असे घडते की, ज्याला आपण नवा शोध म्हणून मिरवितो तो जुन्या मापनातल्या ढिलाईचा परिणाम असतो, व मापन सुधारताच तो शोध नाहीसा होतो.

या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ एकाच ग्रहाची कैफियत थोडी सविस्तर मांडावयाची आहे. सिंह राशीत, आपल्यापासून सुमारे 32 प्रकाशवर्षांवर, एक तांबडा खुजा तारा आहे. व्हिल्हेल्म ग्लीझ या जर्मन ज्योतिर्विदाने जवळच्या ताऱ्यांची जी यादी 1957 साली प्रसिद्ध केली, तिच्यावरून त्याला ग्लीझ 436 हे नाव मिळाले. त्याचे वस्तुमान आणि त्रिज्या सूर्याच्या निम्म्याहूनही कमी असून, इतका जवळ असताही तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. 2004 साली बटलर, व्होग्ट, मार्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीच्या साह्याने असे दाखवून दिले की, हा तारा दर 2.64 दिवसांनी किंचित पुढेमागे झोके घेतो. त्या झोक्याचा वेग सेकंदाला अवघा 18 मीटर, म्हणजे साध्या एस.टी. गाडीचा वेग. एवढ्या वेगाने ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा आपल्या जागेवरून जितक्या सरकतात, ते प्रमाण एक कोटीत सहा दशांशाइतके भरते. ते मोजता यावे म्हणून ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेतून नेऊन त्या वाफेच्या स्थिर रेषांशी ताऱ्याच्या रेषा ताडून पाहाव्या लागतात. या खटाटोपातून निष्पन्न झाले ते हे की, पृथ्वीच्या निदान 21 पट वस्तुमानाचा एक ग्रह त्या ताऱ्याच्या अगदी कुशीत फिरत आहे. आपल्या नेपच्यूनचे वस्तुमान पृथ्वीच्या 17 पट. तेव्हा नेपच्यूनच्या पंक्तीला बसणारे जे पहिले बहिर्ग्रह सापडले, त्यांत याची गणना झाली.

‘निदान’ हा शब्द येथे सावधगिरी म्हणून घातलेला नाही, तर तो पद्धतीतूनच येतो. झोक्यावरून वस्तुमान काढताना ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे, हे ठाऊक नसते. ते ठाऊक व्हावयाचे तर तो ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जाताना दिसला पाहिजे, म्हणजेच त्याचे अधिक्रमण घडले पाहिजे. 2004 च्या मंडळींनी तेही पाहून घेतले होते. ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेज कोठे मंदावल्याचे त्यांना आढळले नाही, आणि वायुमय ग्रहाचे अधिक्रमण होत नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. हा निर्वाळा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्यातूनच एक मोठे प्रकरण उद्भवले. मे 2007 मध्ये मिकाएल गियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरातील सँ-ल्युक येथल्या केवळ 60 सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने याच ग्रहाचे अधिक्रमण टिपले. तेज सुमारे एक तासभर, शेकडा एकाहूनही कमी, बहुतेक 0.7 इतके उतरत होते. ग्रह बिंबाच्या मध्यावरून न जाता काठाजवळून जात होता, त्यामुळे अधिक्रमण आखूड आणि उथळ होते, आणि पूर्वीच्या विरळ नोंदींत ते निसटून गेले होते. केकच्या दहा मीटरच्या आरशाने जे काम अर्धे सोडले ते एका लहान दुर्बिणीने पुरे केले, हे सांगण्यात मला थोडा आनंद होतो. पण तो मुद्दा निराळा.

अधिक्रमण सापडल्यावर त्रिज्या मिळाली, आणि त्रिज्या मिळताच वाद सुरू झाला. ग्रहाने झाकलेल्या प्रकाशावरून ग्रहाची त्रिज्या कळते असे आपण सहज म्हणतो, परंतु वस्तुतः कळते ते ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचे गुणोत्तर. म्हणून ताऱ्याचे माप चुकले की ग्रहाचे माप आपोआप चुकते. स्पिट्झर या अवकाशस्थ अवरक्त दुर्बिणीने 2007 च्या जूनमध्ये घेतलेल्या वेधांवरून ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या 4.2 ते 4.3 पट निघाली. पुढच्याच वर्षी हबल दुर्बिणीच्या वेधांवरून जेकब बीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 4.9 पट काढली. वरकरणी हा फरक किरकोळ वाटेल. परंतु त्रिज्येचा घन होतो तेव्हा किरकोळ फरकाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे: 22 पृथ्वींचे वस्तुमान 4.2 पट त्रिज्येच्या गोलात भरले तर घनता घन सेंटीमीटरास सुमारे 1.6 ग्रॅम येते, म्हणजे जवळजवळ नेपच्यूनइतकीच; तेच वस्तुमान 4.9 पट त्रिज्येच्या गोलात भरले तर घनता 1.0 वर येते, आणि मग त्या ग्रहाच्या पोटात किती खडक, किती पाणी आणि भोवती किती हायड्रोजन यांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हबलच्या मंडळींचे कौतुक अशासाठी केले पाहिजे की, आपल्या आकड्याचा डंका न पिटता, हा फरक पद्धतीतल्या दोषातून आलेला असू शकेल, असे त्यांनी आपल्या निबंधात स्वतःच नमूद केले. पुढे 2012 साली कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर, परस्परांपासून तीनशे मीटरहून दूरपर्यंत मांडलेल्या सहा दुर्बिणींच्या जाळ्याच्या साह्याने फॉन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याचा व्यासच सरळ मोजला. एका विकलेचा सुमारे चोविसशेवा हिस्सा भरावा इतके ते बिंब सूक्ष्म. त्यावरून ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या 0.455 पट ठरली, आणि ग्रहही निमूटपणे सव्वाचार पृथ्वींच्या आसपास परत आला. या कामाला ‘शोध’ म्हणण्याची रीत नाही. मात्र या कामावाचून त्या ग्रहाबद्दल जे काही बोलले गेले असते ते अंदाजपंचे झाले असते.

आता सोबत्याचा प्रश्न. ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असला म्हणजे ताऱ्याच्या भरतीओहोटीच्या ओढीने त्याची कक्षा कालांतराने वर्तुळाकार व्हावी, असा सर्वसाधारण नियम. ग्लीझ 436 च्या ग्रहाने हा नियम पाळलेला नाही. ग्रह ताऱ्याच्या मागे जातो, तेव्हा त्याचा स्वतःचा अवरक्त प्रकाश झाकला जातो. कक्षा वर्तुळ असती तर हे पिधान दोन अधिक्रमणांच्या बरोबर मध्ये घडले असते. स्पिट्झरने ते पाहिले तेव्हा ते मध्यापेक्षा सुमारे साडेपाच तास उशिरा घडले. अवघ्या 63 तासांच्या फेऱ्यात साडेपाच तासांचा विलंब म्हणजे कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार, केंद्रच्युती 0.15 च्या घरात. अब्जावधी वर्षे वयाच्या व्यवस्थेत ही केंद्रच्युती कोणी टिकवून धरली? याला दोनच उत्तरे संभवत होती: एक तर ग्रहाचे अंतरंग असे आहे की भरतीओहोटीचा परिणाम त्यावर फार मंद गतीने होतो, नाही तर कोणी तरी अदृश्य सोबती त्याला सतत डिवचीत आहे. पहिले उत्तर कंटाळवाणे आणि दुसरे मोहक, हे वेगळे सांगावयास नकोच.

2008 साली स्पेनचे इग्नासी रिबास आणि त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या उत्तराला आकार दिला. पृथ्वीच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचा एक ग्रह 5.2 दिवसांत, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट मुदतीत, प्रदक्षिणा घालीत असावा असे त्यांनी मांडले. त्यांच्या युक्तिवादाची सर्वांत कल्पक बाजू ही की, 2004 च्या नोंदींत अधिक्रमण दिसले नाही आणि 2007 मध्ये दिसले, या विसंगतीलाच त्यांनी साक्षीला बोलाविले: सोबत्याच्या ओढीने पहिल्या ग्रहाची कक्षा हळूहळू कलत आहे, पूर्वी तो बिंबाच्या बाहेरून जात असे, आता काठावरून जातो, तेव्हा न दिसणे आणि दिसणे ही दोन्ही सत्ये आहेत! युक्तिवाद इतका सुबक होता की, तो खरा ठरावा असे कोणालाही वाटले असते. परंतु अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वेळच्या अधिक्रमणांची तुलना करून कक्षेचा कल बदलत नसल्याचे दाखविले. बीन आणि झायफार्ट यांनी, असा सोबती असता तर अधिक्रमणांच्या वेळा ज्या प्रमाणात मागेपुढे झाल्या असत्या त्या प्रमाणात त्या होत नाहीत, हे पुढे आणले. आणि काही महिन्यांतच तो दावा मागे घेण्यात आला.

या प्रकरणात दोष द्यावयाचा झाला तर तो रिबास यांच्या कल्पकतेला देता येत नाही, कारण कल्पना मांडणे आणि ती पडताळणीला उभी करणे हेच त्यांचे काम होते व ते त्यांनी चोख बजावले. दोष आहे तो 2004 च्या त्या ‘नाही’चा. समन्स घेऊन गेलेला बेलीफ ‘इसम गावी आढळला नाही’ असा शेरा मारून परततो, पण कोणकोणत्या घरी चौकशी केली, किती वाजता केली, हे तो लिहीत नाही, तेव्हा त्या शेऱ्यावर पुढे कोणीही काहीही रचू शकतो. ग्लीझ 436 च्या बाबतीत नेमके तेच घडले. ‘अधिक्रमण होत नाही’ हे विधान वस्तुतः ‘इतक्या विरळ नोंदींत, इतक्या खोलीचे, इतका वेळ टिकणारे अधिक्रमण आढळले नाही’ एवढेच होते. पुढील लोकांच्या मनात त्याच्या मर्यादा गळून पडल्या आणि नुसता नकार शिल्लक राहिला. व नकार शिल्लक राहिल्यावर त्या नकाराचे कारण म्हणून एक आख्खा ग्रह निर्माण करावा लागला. माझ्या मते नकारार्थी निष्कर्ष हा होकारार्थी निष्कर्षाइतकाच जबाबदारीचा असतो. किंबहुना अधिक, कारण होकाराची फेरतपासणी करण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि नकाराची सहसा कोणालाच होत नाही.

सोबत्याची ही ओढ आजची नाही. हर्षल उर्फ युरेनसच्या गतीत गणिताशी न जुळणारा काही अंश उरत होता, त्या उरलेल्या अंशावरून ल व्हेरिएने एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल याने त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून पाहिला. मानवी बुद्धीच्या इतक्या निखळ विजयाची उदाहरणे थोडी. परंतु तोच ल व्हेरिए, तीच पद्धत हाती घेऊन, 1859 मध्ये बुधाच्या गतीतील उरलेल्या अंशाकडे वळला आणि सूर्य व बुध यांच्या दरम्यान ‘व्हल्कन’ नामक ग्रह असल्याचे त्याने जाहीर केले. पुढे सूर्यग्रहणामागून सूर्यग्रहणे लोटली, व्हल्कन पाहिल्याची ग्वाही देणारेही निघाले, पण ग्रह कधी सापडला नाही. आणि 1915 साली आइन्स्टाइनने दाखवून दिले की शतकाला 43 विकलांचा तो अंश कोणा ग्रहाचा नसून गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचाच आहे. एकाच माणसाच्या एकाच तर्काने एकदा ग्रह दिला आणि एकदा भास दिला. तर्काच्या रचनेत फरक काहीच नव्हता, म्हणून तर्काच्या सौंदर्यावरून त्याच्या सत्यतेची परीक्षा करता येत नाही, ही गोष्ट मला येथे महत्त्वाची वाटते.

याच मालिकेत आपल्याकडील एक नाव येते. शिक्षकी पेशा सांभाळून पंचांगशोधनात आयुष्य वेचणारे, ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी 1911 साली फ्रान्सच्या ज्योतिष मंडळाच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडील ग्रहांसंबंधी एक लेख प्रसिद्ध केला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासने जो परस्परसंबंध दाखविला होता तसाच संबंध बाहेरच्या ग्रहांत असावा, असे गृहीत धरून त्यांनी एका ग्रहाचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे 39 पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे 242 वर्षे काढला, व त्याला ‘ब्रह्मा’ हे नाव सुचविले. 1930 मध्ये प्लूटो सापडला तेव्हा त्याचे अंतर साडेएकोणचाळीस पट आणि काल 248 वर्षे निघाला. केतकरांचा अभिमान वाटावा अशीच ही जुळणी आहे, आणि तो अभिमान मलाही वाटतो. मात्र अभिमानाने विवेकाची जागा घेऊ नये. 1978 मध्ये प्लूटोचा उपग्रह सापडून त्याचे वस्तुमान ठरले, तेव्हा ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास भरले. असला क्षुद्र गोल हर्षल-नेपच्यूनला हलवूही शकत नाही, तेव्हा पर्सिव्हल लॉवेलने त्या ग्रहांच्या गतीतील उरलेल्या अंशावरून केलेले भाकीत काय आणि केतकरांचे गणित काय, प्लूटोच्या जागेशी त्यांचे जुळणे हा योगायोगच मानला पाहिजे. या कथेचा शेवट तर आमच्या विषयाला अगदी लागू पडतो. 1989 साली व्हॉयेजर 2 हे यान नेपच्यूनजवळून गेले, त्यामुळे नेपच्यूनचे वस्तुमान शेकडा अर्ध्याने सुधारता आले. आणि 1993 मध्ये स्टँडिश यांनी ते सुधारलेले वस्तुमान गणितात घालताच, ज्या विसंगतीच्या आधारावर अज्ञात ग्रहाचा शोध कित्येक दशके चालला होता, ती विसंगतीच उरली नाही. शेकडा अर्ध्याच्या दुरुस्तीने एक आख्खा ग्रह आकाशातून खाली उतरविला!

ग्लीझ 436 कडे परत येऊ. 2005 साली टेंपल धूमकेतूवर आघात करण्यासाठी पाठविलेले ‘डीप इम्पॅक्ट’ यान त्या कामगिरीनंतर रिकामे होते. त्याच्या मोठ्या दुर्बिणीत केंद्रीकरणाचा दोष राहिल्याने चित्रे धूसर येत, पण ताऱ्याचे तेज मोजण्यास तो दोष उलट पथ्यावरच पडत असे, कारण प्रकाश अनेक बिंदूंवर पसरला जाई. 2008 मध्ये त्या यानाने सुमारे तीन आठवडे या ताऱ्यावर नजर ठेविली. सेरा बॅलार्ड आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी चाळून जो निष्कर्ष दिला, तो 2004 च्या ‘नाही’शी ताडून पाहावा: ज्ञात ग्रहाच्या आत, त्याच्याच प्रतलात फिरणारा आणि पृथ्वीच्या दीडपट त्रिज्येहून मोठा असा ग्रह नसल्याची खात्री शेकडा 95. याला म्हणावे नकार! कोठे पाहिले, किती मोठे पाहिले, किती खात्रीने पाहिले, सारे त्यात आले. त्यांना पृथ्वीहूनही लहान अशा एका सोबत्याचा संशय आला होता. तेव्हा त्यांनी स्पिट्झरचा वेळ मागून घेऊन तो संशय तपासला, आणि तेथे काही न दिसल्यावर तेही छापले.

2012 साली केव्हिन स्टीव्हनसन आणि फ्लोरिडातील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झरच्याच नोंदींतून पृथ्वीच्या दोन-तृतीयांश त्रिज्येचा, 1.37 दिवसांत फिरणारा एक उमेदवार पुढे केला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मग 2014 मध्ये लानोट आणि सहकाऱ्यांना त्याच दुर्बिणीच्या समग्र नोंदींच्या फेरविश्लेषणात तो आढळला नाही; आणि त्याच वर्षी स्वतः स्टीव्हनसन यांनीच हबलच्या वेधांतून आपल्या उमेदवाराची परीक्षा घेऊन तो बहुधा भास असल्याचा निकाल दिला. स्वतःच्या दाव्याविरुद्ध स्वतःच दुर्बिणीचा अर्ज करावयाचा आणि निकाल विरुद्ध गेल्यावर तो सहीनिशी प्रसिद्ध करावयाचा, ही गोष्ट शोधाच्या पराक्रमाहून कोणत्या अर्थाने उणी, हे मला कोणी समजावून सांगावे. त्या निकालाची बातमी मात्र पहिल्या बातमीच्या जागी छापून आल्याचे दिसत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, हा सगळा नास्तिपक्षच झाला. मापन जर सोबत्यांना नाहीसे करण्यापुरतेच उपयोगी असेल तर ते एक प्रकारचे झाडूकाम होय. आक्षेप खरा नाही. ज्या बॅलार्ड यांनी ग्लीझ 436 भोवती कोणी नाही असे मोजून सांगितले, त्यांनीच 2011 मध्ये केप्लर-19 या ताऱ्याच्या ग्रहाची अधिक्रमणे पाच मिनिटे आधी, पाच मिनिटे उशिरा अशी, सुमारे 300 दिवसांच्या लयीत सरकत असल्याचे दाखवून एका अदृश्य सोबत्याचे अस्तित्व सिद्ध केले. तो सोबती स्वतः ताऱ्यासमोर कधी येतच नाही. हंस तारकासमूहातील हॅट-पी-11 या ताऱ्याभोवती नेपच्यूनएवढाच एक ग्रह 4.9 दिवसांत फिरतो, त्याची कक्षाही लांबट आणि ताऱ्याच्या अक्षाशी जवळजवळ काटकोनात कललेली. तेथे केकच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी चिकाटीने जमवून 2018 साली यी आणि सहकाऱ्यांनी, 9.3 वर्षांत फिरणारा आणि निदान दीड गुरूएवढ्या वस्तुमानाचा बाहेरचा ग्रह पुढे आणला. ताऱ्याच्या स्वतःच्या चुंबकीय चक्राचा त्या नोंदींत किती वाटा, यावरचा वाद संपलेला नाही, आणि तो संपेल तोही मापनानेच. एकाच कसोटीने एके ठिकाणी सोबती दिला, दुसरीकडे काढून घेतला आणि तिसरीकडे प्रकरण तहकूब ठेविले, हेच तिच्या निःपक्षपातीपणाचे लक्षण होय.

दुसरा आक्षेप पैशाचा. इतक्या दशांशांसाठी एवढा खर्च का? याला व्यवहारातले एक उत्तर आहे. ग्लीझ 436 चा ग्रह वर्षाला 138 फेऱ्या घालतो. एका फेरीच्या मुदतीत एका सेकंदाची चूक राहिली तर वर्षाअखेर ती सव्वादोन मिनिटांवर, दहा वर्षांनी 23 मिनिटांवर जाते. आणि अधिक्रमण मुळात तासाभराचे. म्हणजे मुदत नीट मोजली नाही, तर लाखो रुपये तासाची दुर्बीण वेळेवर वळेल आणि ग्रह आधीच निघून गेलेला असेल. शिवाय हे काम बड्या दुर्बिणींचाच मक्ता नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या अभिजित चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी अबूच्या गुरुशिखरावरील 1.2 मीटरच्या दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने 2018 मध्ये, केप्लर यानाने केवळ उमेदवार म्हणून नोंदविलेल्या एका गोलाचे वस्तुमान सुमारे 27 पृथ्वींइतके ठरविले व त्याला ग्रहपदवी दिली. नेपच्यूनहून मोठा आणि शनीहून लहान असा तो ग्रह, सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरचा. अधिक्रमणाने संशय निर्माण केला होता. निकाल मापनाने दिला.

ग्लीझ 436 चे प्रकरण तरी मिटले काय? मिटलेले नाही, त्याचे स्वरूप बदलले आहे. 2015 मध्ये एरेनराइख आणि सहकाऱ्यांनी हबलच्या अतिनील वेधांतून दाखविले की, या ग्रहाभोवती हायड्रोजनचा एवढा विशाल मेघ पसरला आहे की दृश्य प्रकाशात शेकडा पाऊणही न झाकणारा हा ग्रह हायड्रोजनच्या रेषेत ताऱ्याचा अर्ध्याहून अधिक प्रकाश अडवितो. 2018 मध्ये बूरिए आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्तावर नसून जवळजवळ ध्रुवांवरून जाते. लांबट कक्षा आणि तीही ध्रुवगामी, या दोहोंचा एकत्र उलगडा व्हावा म्हणून त्यांनी पुन्हा एक सोबतीच सुचविला आहे. पण तो रिबास यांच्या सोबत्यासारखा निकटवर्ती नसून, दूर कोठे तरी मंद गतीने फिरणारा आणि फार पूर्वी या ग्रहाला आतल्या बाजूला ढकलून देणारा असा आहे. 2023 साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाने चेरोकी भाषेतील नोकिसी आणि आवोहाली ही नावे या ताऱ्याला आणि ग्रहाला दिली. तिसऱ्या नावाची निकड अद्याप कोणाला पडलेली नाही.

माझा स्वतःचा कल सांगावयाचा तर तो या दूरच्या सोबत्याकडे थोडासा झुकतो, आणि झुकतो तो दोन कारणांनी. एक तर या वेळी स्पष्टीकरण मागणाऱ्या गोष्टी दोन आहेत आणि त्या परस्परांपासून स्वतंत्रपणे, निरनिराळ्या पद्धतींनी मोजलेल्या आहेत. रिबास यांच्या वेळच्या गोष्टींपैकी एक तर मोजमापाच्या अपुरेपणातूनच आली होती. दुसरे असे की हॅट-पी-11 सारखे, याच देहयष्टीचे आणि याच तऱ्हेच्या तिरप्या कक्षेचे उदाहरण समोर आहे. मात्र वीस वर्षांच्या झोक्यांच्या नोंदींत त्याचा ठसा स्पष्टपणे उमटलेला नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा तो असला तर फार हलका असला पाहिजे, किंवा फार दूर असून त्याची एक फेरीही आपल्या नोंदींत पुरी झालेली नसली पाहिजे, किंवा त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेला जवळजवळ आडवी असली पाहिजे. यांपैकी तिसरी शक्यता झोक्यांच्या पद्धतीच्या आवाक्याबाहेरची असली तरी, ताऱ्याचे आकाशातील स्थान विकलेच्या सूक्ष्म अंशापर्यंत मोजणाऱ्या गाया यानाच्या आवाक्यात ती येते, आणि त्या यानाच्या दहा वर्षांहून अधिक काळच्या नोंदी पूर्णपणे प्रसिद्ध झाल्या म्हणजे निदान मोठ्या वस्तुमानाच्या सोबत्यापुरता या प्रश्नाचा निकाल लागू शकेल. त्या नोंदींत नोकिसी ताऱ्याचा मार्ग सरळ निघाला, तर मी माझा कल सोडून देईन. परंतु निकाल देणाऱ्यांनी तो देताना, किती वस्तुमानापर्यंतचा आणि किती अंतरापर्यंतचा सोबती त्यांनी नाकारला, ते आकड्यांत लिहावे, नुसते ‘आढळला नाही’ असे लिहू नये.